देवाची दया आणि तारणाचे अभिवचन : पवित्र शास्त्र क्रमाने कसे वाचावे

नव्या वर्षाच्या उपासनेत हाती आलेले अभिवचनाचे कार्ड, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील वचन, आजारपणात कोणीतरी मोबाइलवर पाठवलेली स्तोत्रातील एखादी ओळ, अशा वाटांनी देवाच्या दयेविषयीची वचने आपल्यापर्यंत बहुधा सुटी येऊन पोहोचतात. त्यांनी अनेकांना धीर दिला आहे आणि त्या धीराचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु दयेचे वचन प्रथम कोणाला, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या अपराधानंतर सांगितले गेले हे न पाहता ते वाचले, तर त्यातील अर्धे बळ निघून जाते, आणि काही वेळा ते चुकीच्या माणसाच्या हाती चुकीचे हत्यारही बनते. म्हणून ज्यांना देवाची दया आणि तारणाचे अभिवचन हा विषय एकट्याने, कुटुंबात किंवा मंडळीतील बायबल अभ्यासवर्गात नीट वाचायचा आहे, त्यांच्यासाठी एक क्रम येथे देत आहे. शास्त्रातील दयेचे प्रत्येक वचन या क्रमात नाही. मात्र हा क्रम पूर्ण केलेल्या वाचकाला उरलेली वचने स्वतःहून वाचता येतात.

तयारी थोडीच लागते. पवित्र शास्त्राची एक छापील प्रत, एक वही आणि दर बैठकीला साधारण तासभर वेळ एवढे पुरेसे आहे. उपासनेत जी प्रत वापरली जाते तीच मुख्य ठेवावी, म्हणजे वर्गात सर्वांना एकच पाठ समोर राहतो. भाषा जड वाटल्यास सोप्या मराठीतील दुसरे भाषांतर शेजारी ठेवण्यास हरकत नाही. सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत शास्त्र यावे म्हणून पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे भाषांतरात घालवली आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ते पूर्ण बायबल प्रकाशित झाले, हे लक्षात घेता सोपी भाषा शोधण्यात संकोच बाळगण्याचे काही कारण नाही. मोबाइलवरील बायबल प्रवासात सोयीचे असते, पण या अभ्यासात मागचा आणि पुढचा अध्याय सतत उलटून पाहावा लागतो आणि ते छापील प्रतीत सहज होते.

वहीत प्रत्येक उताऱ्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. ही दया कोणावर झाली आणि त्या वेळी त्या माणसाची किंवा त्या लोकांची स्थिती काय होती? काय क्षमा झाले आणि क्षमेनंतरही कोणते परिणाम शिल्लक राहिले? दया मिळालेल्याने पुढे काय केले? दुसरा प्रश्न बहुतेक वाचक गाळतात, म्हणून त्याच्यासाठी वहीत जागा मुद्दाम अधिक सोडावी.

आरंभ सीनाय पर्वतापासून

पुष्कळ जण योहान ३:१६ पासून सुरुवात करतात. ते वचन तारणाच्या अभिवचनाचा गाभाच आहे, पण ते क्रमात शेवटाकडे आले तर जास्त खोल उतरते. माझा आग्रह आहे की निर्गम ३२ ते ३४ हे तीन अध्याय प्रथम सलग वाचावेत आणि शक्य असल्यास एका बैठकीत मोठ्याने वाचावेत.

मोशे पर्वतावर असताना खाली लोक अहरोनाकडून सोन्याचे वासरू करवून घेतात. मिसर देशाच्या दास्यातून सुटून त्यांना फार काळ लोटलेला नाही, आणि देवाशी झालेल्या कराराचे पालन करू असे त्यांनी नुकतेच एकमुखाने सांगितलेले आहे. मोशे खाली उतरतो, दगडी पाट्या पर्वताच्या पायथ्याशी फोडतो, छावणीत सुमारे तीन हजार माणसे मरतात. त्यानंतर तो परत वर जातो आणि लोकांना क्षमा होणार नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझेच नाव काढून टाक, अशी विनवणी करतो. देवाच्या दयेची शास्त्रातील सर्वांत महत्त्वाची घोषणा या पार्श्वभूमीवर होते. निर्गम ३४:६-७ मध्ये परमेश्वर मोशेसमोरून जाताना स्वतःच आपले नाव पुकारतो : तो दयाळू आहे, कृपाळू आहे, मंदक्रोध आहे, हजारो जणांवर दया करतो, अन्याय आणि पाप यांची क्षमा करतो, आणि त्याच श्वासात तो असेही सांगतो की अपराधी माणसाची तो मुळीच गय करत नाही आणि वडिलांच्या अन्यायाचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचतो.

वर्गात हे वचन वाचताना लोक सहाव्या वचनावर थांबू पाहतात. त्यांना थांबू देऊ नये. सातव्या वचनाचा उत्तरार्ध ऐकायला कठीण आहे हे मान्य करावे आणि तो तसाच वहीत उतरवावा, कारण पुढचे सगळे वाचन या दोन अर्धांमधील ताणावर उभे आहे. दया करणारा देवच न्याय करणारा आहे. पापाकडे डोळेझाक करणे आणि पापाची क्षमा करणे या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

या अध्यायांतील एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. निर्गम ३३:३ मध्ये परमेश्वर म्हणतो की तुम्ही ताठ मानेचे लोक आहात म्हणून मी तुमच्यामध्ये राहून चालणार नाही, नाहीतर वाटेत मी तुम्हांला भस्म करीन. ३४:९ मध्ये, घोषणा ऐकून भूमीपर्यंत नमन केल्यावर, मोशे मागणे करतो की हे ताठ मानेचे लोक आहेत, तरी तू आमच्यामध्ये चाल. लोक बदललेले नाहीत. त्यांचा दोष तोच आहे आणि मोशे तो लपवतही नाही. ज्या कारणाने देवाने दूर राहण्याची भाषा केली, तेच कारण पुढे करून मोशे त्याला जवळ बोलावतो, कारण मधल्या काळात त्याने देवाचे नाव ऐकले आहे. पहिल्या प्रश्नाखाली ही दोन वचने शेजारी शेजारी लिहावीत.

त्याच घोषणेचा माग काढणे

यानंतर गणना १४ वाचावा. वचनदत्त देश पाहायला पाठवलेले हेर परत येतात, लोक धीर सोडतात, आणि मोशे देवाला त्याचेच सीनायवरचे शब्द ऐकवून क्षमा मागतो. विसाव्या वचनात देव स्पष्टपणे सांगतो की तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी क्षमा केली आहे. लगेच पुढे तो सांगतो की कालेब आणि यहोशवा यांच्याखेरीज त्या पिढीतील कोणीही वचनदत्त देशात पाऊल ठेवणार नाही. वहीतील दुसऱ्या प्रश्नाचे इतके नितळ उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळते. क्षमा खरी होती आणि चाळीस वर्षांचा अरण्यवासही खरा होता. ज्या माणसाला वाटते की आपले भोग अजून संपलेले नाहीत म्हणजे देवाने आपल्याला क्षमा केलेलीच नाही, त्याने हा अध्याय सावकाश वाचावा.

स्तोत्र १०३:८, स्तोत्र १४५:८, नहेम्या ९:१७ आणि योएल २:१३ ही वचने तपासून त्यांत सीनायची घोषणा कुठपर्यंत उतरली आहे हे वहीत नोंदवावे. यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. स्तोत्र १०३ मात्र पाठ करण्याजोगे आहे. बावीस वचनांचे हे स्तोत्र रोज दोन वचने या गतीने दोन आठवड्यांच्या आत तोंडपाठ होते.

आता योना. चारच अध्यायांचे हे पुस्तक लहान मुलांच्या संडे स्कूलपुरते ठेवले जाते, हा त्याच्यावर अन्याय आहे. निनवे ही अश्शूरची नगरी, आजच्या इराकमधील मोसुलसमोर टायग्रिस नदीकाठी वसलेली; आणि ज्या अश्शूरने इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्याचा शेवट केला, त्याच्या क्रौर्याची आठवण शास्त्राच्या वाचकांच्या मनात ताजी होती. दुसऱ्या अध्यायात, माशाच्या पोटातून, योना कृतज्ञतेने म्हणतो की तारण परमेश्वराकडूनच आहे. चौथ्या अध्यायात तोच योना रागाने लाल झाला आहे, कारण ते तारण निनवेला मिळाले आहे. तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच निनवेला संदेश द्यायला न जाता मी तार्शीशाला पळालो, असे तो देवालाच सुनावतो. सीनायवर जी घोषणा ऐकून मोशेने भूमीपर्यंत नमन केले, ती योनाच्या तोंडी तक्रार बनून येते.

येथे वर्गाला एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लगेच मागू नये : ज्याच्यावर देवाने दया करू नये असे मला मनापासून वाटते, असा कोण आहे? उत्तर मोठ्याने सांगण्याची सक्ती कोणावरही करू नये. ज्याने खरोखर जुलूम सोसला आहे, त्याच्या मनात एक खरे नाव येणार आहे, आणि त्या नावावर चारचौघांत चर्चा व्हावी अशी त्याची इच्छा असेलच असे नाही. त्याच बैठकीत नहूम १:३ वाचावे. नहूमही निनवेविषयीच बोलतो, तोही परमेश्वर मंदक्रोध आहे असेच म्हणतो, पण पुढे अपराध्याची गय तो मुळीच करणार नाही या अर्ध्यावर जोर देतो, आणि इ.स.पूर्व ६१२ मध्ये निनवे पडले. एकाच नगरीविषयी एकाच घोषणेचे दोन अर्ध दोन संदेष्ट्यांच्या मुखी आले आहेत. पिडलेल्याला नहूम हवा असतो आणि पश्चात्ताप करणाऱ्याला योना. शास्त्राने दोघांनाही जागा दिली आहे.

स्तोत्र ५१ आणि त्यामागची हत्या

राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळात हे स्तोत्र आपण मंडळीत म्हणतो. ते वाचण्याआधी २ शमुवेल ११ आणि १२ हे अध्याय वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा माझा नियम आहे. स्तोत्राच्या शिरोलेखातच सांगितले आहे की दावीद बथशेबेकडे गेला आणि नंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला, त्या वेळचे हे स्तोत्र आहे.

अकराव्या अध्यायात राजाने आपल्या सत्तेचा कसा वापर केला ते वाचकाने डोळे उघडे ठेवून पाहावे. दावीद निरोप्ये पाठवून स्त्रीला आणवतो. तिचा नवरा उरीया याला आघाडीवरून बोलावून घरी पाठवण्याचा प्रयत्न करतो. ते साधत नाही तेव्हा त्याच्या मृत्यूचा हुकूम असलेले पत्र त्याच्याच हाती देऊन सेनापतीकडे रवाना करतो. नाथान त्याला एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो, जी त्याच्या ताटातले खाई, त्याच्या पेल्यातले पिई आणि त्याच्या उराशी निजे. श्रीमंत शेजाऱ्याने ती हिसकावून पाहुण्यासाठी कापली हे ऐकताच राजा संतापून म्हणतो की त्या माणसाने चौपट भरून द्यावे. तो मनुष्य तूच आहेस, असे नाथान सांगतो. तलवार तुझ्या घरातून दूर होणार नाही हेही तो बजावतो, मग पापाची कबुली येते, क्षमेचा शब्द त्याच वचनात येतो, आणि लगेच जन्मलेले बाळ मरेल हेही सांगितले जाते. बाळ सातव्या दिवशी मरते. पुढे अम्नोन, तामार आणि अबशालोम यांची दुःखे आहेतच.

आता स्तोत्र ५१ उघडावे. दावीद आपल्या पराक्रमाची, जुन्या भक्तीची, किंवा देवासाठी केलेल्या कोणत्याही कामाची आठवण करून देत नाही. पहिल्याच वचनात तो देवाच्या वात्सल्यावर आणि अपार करुणेवर हवाला ठेवतो. सोळाव्या वचनात तो म्हणतो की यज्ञ तुला आवडत नाही, नाहीतर मी तो अर्पिला असता. या वाक्यामागे नियमशास्त्रातील एक कठीण वास्तव आहे. व्यभिचार आणि जाणूनबुजून केलेली हत्या यांसाठी नियमशास्त्रात देहान्ताची शिक्षा होती, आणि गणना ३५:३१ सांगते की खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये. म्हणजे दावीदाला अर्पण करून सुटता येईल असा कोणताच विधी उरलेला नव्हता. भग्न आणि अनुतप्त हृदय देव तुच्छ मानणार नाही, हे सतरावे वचन म्हणजे जिथे विधी संपले तिथे उभ्या असलेल्या माणसाचे उद्गार आहेत. सातव्या वचनातील एजोब या झुडपाचा संदर्भ निर्गम १२ मध्ये आणि लेवीय १४ मध्ये शोधावा : एकीकडे वल्हांडणाचे रक्त एजोबाच्या जुडीने दारावर लावले जाते, दुसरीकडे महारोग बरा झालेल्या माणसाला शुद्ध ठरवताना ती वापरली जाते.

बाराव्या वचनात दावीद तारणाचा हर्ष परत मागतो आणि तेराव्यात इतर अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन असे म्हणतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मग मत्तय १:६ वर जावे. येशूच्या वंशावळीत मत्तय बथशेबेचे नाव न घेता तिचा उल्लेख उरीयाची बायको म्हणून करतो. अभिवचन दावीदाच्या घराण्यातून पुढे गेले, आणि ज्याचा खून झाला त्याचे नावही त्या अभिवचनाच्या वंशावळीत कोरून ठेवले गेले. दया झाली म्हणून उरीया विसरला गेला नाही. कोणत्याही मंडळीत क्षमेच्या नावाखाली पीडिताला गप्प बसवण्याचा प्रयत्न होत असेल, तर हे वचन काढून दाखवावे, इतक्या स्पष्टपणे मी हे सांगतो.

विलापगीत ३:२२-२३ येथे एका बैठकीत घेता येते. दररोज सकाळी नवी होणारी ती करुणा जळालेल्या यरुशलेमेच्या राखेवर बसलेला माणूस गातो, आणि पाच अध्यायांच्या त्या शोकग्रंथात हे वचन जवळजवळ मध्यावर येते. त्याच्या आधीही रडणे आहे आणि नंतरही आहे. पहिला अध्याय वाचून मग तिसरा वाचला की एवढे आपोआप ध्यानात येते.

लूकचे शुभवर्तमान : शोधायला निघालेली दया

शुभवर्तमानांपैकी लूक निवडावे. त्याच्या पहिल्याच अध्यायात मरियेचे आणि जखऱ्याचे गीत आहे, आणि दोघेही अब्राहामाशी झालेल्या कराराची व त्यातील दयेची आठवण करतात. म्हणजे नवा करार सुरू होताना जुने अभिवचन हातात धरूनच सुरू होतो.

पंधरावा अध्याय मुख्य आहे. त्यातील पहिली दोन वचने सोडून थेट दाखल्यांवर उडी मारण्याची सवय मोडावी. जकातदार आणि पापी लोक ऐकायला जवळ येत आहेत, आणि परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे) व शास्त्री कुरकुर करत आहेत की हा पाप्यांना जवळ करतो व त्यांच्याबरोबर जेवतो. तिन्ही दाखले या कुरकुरीला दिलेले उत्तर आहेत. शंभरातले एक मेंढरू, दहातले एक नाणे, आणि मग दोन मुलगे.

उधळ्या पुत्राचा दाखला वाचताना १८-१९ आणि २१ ही वचने वहीत समोरासमोर लिहावीत. डुकरे चारत असताना मुलगा आपले बोलणे ठरवतो : बाबा, मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्याविरुद्ध पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घेण्यास मी योग्य नाही, मला आपल्या एका मजुराप्रमाणे ठेवा. घराजवळ पोहोचल्यावर तो पहिली दोन वाक्ये म्हणतो. तिसरे वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, कारण बाप दासांना झगा, अंगठी आणि जोडा आणायला सांगू लागतो. मजुरीच्या बोलीवर घरात शिरण्याचा बेत तिथेच संपतो. तारण म्हणजे काय याविषयी कितीतरी प्रवचने ऐकली तरी या न उच्चारलेल्या वाक्याइतके मला दुसऱ्या कशाने शिकवलेले नाही. आपण देवाकडे येतो तेव्हा बहुधा काहीतरी सौदा बरोबर घेऊन येतो, आणि तो मांडण्याची संधीच मिळत नाही.

थोरल्या मुलाला मात्र घाईने निकालात काढू नये. मंडळीत नियमित येणाऱ्या आपणांपैकी बहुतेकांचे आयुष्य त्याच्यासारखेच आहे. बाप धाकट्यासाठी धावत गेला, तसाच तो थोरल्याची समजूत घालण्यासाठीही बाहेर आला. थोरला म्हणतो, हा तुमचा मुलगा; बाप उत्तरात म्हणतो, हा तुझा भाऊ. दाखला येथेच थांबतो आणि थोरला आत गेला की नाही हे लूक सांगत नाही. वर्गात कोणीतरी विचारतेच की पुढे काय झाले. कुरकुर करणाऱ्यांनी काय केले, असे उलट विचारावे आणि पहिल्या दोन वचनांकडे परत न्यावे.

यानंतर १८:९-१४ मधील परूशी आणि जकातदार, १९:१-१० मधील जक्कय, आणि २३:३९-४३ मधील वधस्तंभावरील अपराधी हे तीन उतारे एकामागून एक वाचावेत. जकातदाराची प्रार्थना एका ओळीची आहे : हे देवा, मज पाप्यावर दया कर. वधस्तंभावरच्या माणसाकडे काही भरून देण्यासाठी वेळच नव्हता, आणि तरी त्याला त्याच दिवशीच्या सुखलोकाचे अभिवचन मिळाले. जक्कयाजवळ मात्र वेळही होता आणि पैसाही, म्हणून तो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेल्याची चौपट भरपाई देऊ करतो. हे चौपट कोठून आले? चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावीत असे निर्गम २२:१ मध्ये आहे, आणि नाथानाची गोष्ट ऐकून दावीदाने तोच दंड उच्चारला होता. दावीदाने दुसऱ्याला सुनावलेला दंड जक्कय आपण होऊन स्वतःला लावून घेतो, आणि येशू म्हणतो की आज या घराला तारण प्राप्त झाले आहे. येशू त्याच्या घरी उतरायला आधी निघाला, भरपाईची भाषा नंतर आली, हा क्रम वहीत जरूर नोंदवावा.

मत्तय १८:२१-३५ येथे जोडून घ्यावे. राजाने दासाचे अफाट कर्ज माफ केले, पण त्या दासाने आपल्या सोबत्याचे छोटे कर्जही सोडले नाही, असा तो दाखला आहे. त्यातील कर्जाच्या रकमा मराठी वाचकाला चटकन उमगत नाहीत, म्हणून हिशेब करून दाखवावा. दिनार ही एका दिवसाची मजुरी. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. पहिल्या दासाचे कर्ज दहा हजार टॅलेंट, म्हणजे सुमारे सहा कोटी दिवसांची मजुरी. त्याच्या सोबत्याचे कर्ज शंभर दिनार, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची कमाई. शंभर दिनार ही गरिबासाठी लहान रक्कम नव्हती, आणि आपल्यावर झालेले अन्याय लहान असतात असे येशू म्हणत नाही. तो त्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो.

पत्रे, आणि वर्गात हमखास निघणारा वाद

पत्रांतून इफिसकरांस २:१-१० हा उतारा पायाभूत मानावा. पहिल्या तीन वचनांत माणूस मृत आहे. चौथ्यात देव दयासंपन्न आहे. आठव्या-नवव्यात तारण कृपेने व विश्वासाच्या द्वारे आहे, ते देवाचे दान आहे, कर्मांनी मिळालेले नाही. दहाव्यात सत्कृत्यांसाठी आपली निर्मिती झाली आहे. नववे वचन पाठ असलेल्यांना दहावे पाठ नसते आणि तेथून वाद सुरू होतो. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असे सांगणारे याकोब २:१४-२६ समोर आले की वर्ग दोन बाजूंत विभागला जातो. चालकाने तो वाद दडपू नये, मात्र दोन्ही उतारे पूर्ण वाचून झाल्यावरच बोलू द्यावे. मिश्र पंथांच्या वर्गात हेही सांगावे की ज्या प्रश्नावर सोळाव्या शतकात पाश्चात्त्य ख्रिस्ती जग दुभंगले, त्याच प्रश्नावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्जबर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, आणि तारण केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरील विश्वासाने होते हे दोघांनी मिळून मान्य केले.

तारणाचा काळ कोणता, ही शंका विशेषतः तरुणांकडून येते. त्यासाठी तीन वचने शेजारी ठेवावीत : इफिसकरांस २:८ मध्ये तारण झालेले आहे, १ करिंथकरांस १:१८ मध्ये ते होत आहे, आणि रोमकरांस ५:९-१० मध्ये ते होणार आहे. अभिवचनावर भरवसा ठेवणारा माणूस या तिन्ही काळांत एकाच वेळी जगत असतो.

ज्याला आपले पाप क्षमेपलीकडचे वाटते, त्याला १ तीमथ्य १:१३-१६ द्यावे, जिथे पौल स्वतःला पाप्यांत मुख्य म्हणतो आणि पुढे विश्वास ठेवणाऱ्यांना उदाहरण व्हावे म्हणून माझ्यावर दया झाली असे सांगतो. ज्याला दया इतकी सहज वाटते की पापाची काळजीच उरत नाही, त्याला रोमकरांस ६:१-४ द्यावे. दोघांना उलटसुलट वचने दिली गेली तर फार नुकसान होते, म्हणून वर्ग चालवणाऱ्याने आधी माणसाचे ऐकून घेतले पाहिजे. अपराधाच्या ओझ्याखाली कोणी झोप-भूक गमावून बसले असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर नुसते वचन सांगून त्याला घरी पाठवू नये. त्याला एकटे न सोडता पाळकांना आणि डॉक्टरांना लगेच त्यात घ्यावे.

रोमकरांस ९ ते ११ हे अध्याय अनुभवी वाचकांसाठी ठेवावेत. निर्गम ३३:१९ पौलाने ९:१५ मध्ये उद्धृत केले आहे, आणि त्या सगळ्या गुंतागुंतीच्या युक्तिवादाचा शेवट ११:३२ मध्ये सर्वांवर दया करावी या देवाच्या हेतूत होतो. तेथे न थांबता १२:१ वाचावे, कारण देवाच्या दयेच्या आधारावर पौल तेथून रोजच्या वागणुकीचा उपदेश सुरू करतो. योहान ३:१६ यानंतर घ्यावे आणि तेही निकदेमाच्या रात्रीच्या भेटीपासून, म्हणजे ३:१ पासून, २१व्या वचनापर्यंत.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी स्तोत्र १३६ म्हणण्याचा प्रघात ठेवावा. सव्वीस वचनांच्या या स्तोत्रात प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे : कारण त्याची दया सनातन आहे. चालकाने पूर्वार्ध वाचावा आणि बाकीच्यांनी उत्तरार्ध म्हणावा; वाचता न येणारी आजी आणि नुकतेच बोलू लागलेले मूल या दोघांनाही त्यात भाग घेता येतो. सगळी वचने म्हणण्याइतका वेळ नसेल तर पहिली नऊ आणि शेवटची चार घ्यावीत. तेविसाव्या वचनात आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली असे शब्द आहेत. तेथे थोडे थांबून ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावे घ्यावीत आणि मग चोविसावे वचन सुरू करावे.